टोळीतले फोटो आणि माझ्याकडची बाकी

श्रावणात आमच्या स्टुडिओला लग्नाचं काम नसतं. असतात ते पासपोर्ट. ऊसतोड टोळ्या नेणारे मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, वाटायला लागले की आजूबाजूच्या गावांतून जोड्या तालुक्याला येतात, बाँडवर करार होतो आणि त्यासाठी नवरा-बायकोचे फोटो लागतात. एकाच्या आठ कॉप्या, दोघांच्या सोळा. मधल्या वेळात मी उधारीची वही काढतो, लेन्सला बुरशी आली का बघतो. यंदा जुन्या हार्ड डिस्क काढल्या. २०१६ पासून ऊसतोड टोळ्यांबरोबर हिंडून जे फोटो काढले, ते सगळे एका जागी आणायचे होते. निवडून निवडून अकराशे चाळीस उरले.

बायको शेजारच्या कॉम्प्युटरवर अल्बमची पानं लावत होती. मान वळवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "यातलं कुणी हसतच नाही का हो?"

मग मोजले. सतरा. त्यातले पाच लहान पोरांचे. एक तर टोळीतल्या माणसाचा नाहीच, साखर कारखान्याच्या स्लिपबॉयचा, म्हणजे उसाच्या पावत्या फाडणाऱ्या पोराचा.

टोळीत हसतच नाहीत म्हणावं, तर मी त्यांच्या कोप्यांमध्ये, म्हणजे तळावरच्या झोपड्यांत, राहिलोय. रात्री गाडी भरून झाल्यावर, अंगाचा भुगा झालेला असताना, जावा-जावा एकमेकींची अशी काही टर उडवतात की पलीकडच्या कोपीतला म्हातारा ओरडतो, "झोपा की गं आता!" मुकादमाच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करणारा एक पोरगा होता, त्याची तर दुसऱ्या टोळ्यांतूनही मागणी असायची. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय. फक्त त्या वेळी कॅमेरा बॅगेत असायचा. "आता काम संपलं" असं मला वाटायचं, म्हणून.

वडिलांनी हा स्टुडिओ १९८९ मध्ये टाकला. बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालतो तो तीन गोष्टींवर: लग्न, पासपोर्ट आणि मेलेली माणसं. तिसऱ्याबद्दल सांगतो, कारण माझं खरं शिक्षण त्यात झालं. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आधी पोरं येतात. हातात आधार कार्ड, नाहीतर मतदान कार्ड. त्यावरचा अंगठ्याएवढा चेहरा मोठा करून, डाग काढून, कपाळाला गंध नाहीतर कुंकू लावून बारा बाय अठराची फ्रेम करून द्यायची. चेहऱ्याखाली धड लागतं. आमच्या कॉम्प्युटरवर सात धडं आहेत: चार कोटातली, दोन धोतर-फेट्याची आणि एक नऊवारीतलं. ज्यानं आयुष्यात कोटाला हात लावला नाही, असा माणूस आमच्याकडून कोट घालून भिंतीवर जातो. अन् "आमचा बाप असा नव्हता" असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही. बघतात, डोळे पुसतात, म्हणतात, "हुबेहूब!"

वडील म्हणायचे, फोटो म्हणजे माणूस होता तसा नव्हे, त्याला राहायचं होतं तसा. तेव्हा मला हे गावंढळ वाटायचं. माझ्या डोक्यात दुसरेच फोटो होते. इंटरनेटवर बघितलेले, काळे-पांढरे, सुरकुत्या, घाम, धूळ. सत्य म्हणजे काहीतरी खरबरीत असतं असं वाटायचं.

२०१५ चा पाऊस गेला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेच वर्ष. त्या हंगामात आमच्या भागातली गावंच्या गावं दिवाळीनंतर रिकामी झाली होती, मागे म्हातारी माणसं आणि कुत्री. मी एक सेकंडहँड निकॉन घेतला आणि जानेवारीत, दोन लग्नांच्या मधल्या आठवड्यात, ओळखीच्या टोळीच्या मागोमाग कऱ्हाडच्या बाजूला गेलो.

तिकडचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. पहाटे चारच्या सुमाराला थंडीत फडात शिरायचं. ऊस बुडातून तोडायचा, पाचट काढायचं, वाढं म्हणजे हिरवा शेंडा छाटायचा, मोळी बांधायची. पाचटाची कड ब्लेडसारखी असते, हाता-तोंडावर बारीक चिरा पडतात आणि त्यात उसाचा रस जातो. मग ट्रॅक्टर नाहीतर ट्रक येईल तेव्हा, रात्री अकराला येवो की दोनला, पस्तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचं. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के दरवाढ झाली, तेव्हा कुठं टनाला ३६६ रुपये झाले. तेही हातात येत नाहीत, आधीच घेतलेल्या उचलीतून फिटत राहतात. एखाद दिवस अंगावर काढता आलं नाही तर खाडा, त्याचे वेगळे कापणार. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही, तर उरलेली बाकी पुढच्या हंगामावर. रोकडा पैसा म्हणजे वाढ्याच्या पेंढ्या विकून येईल तेवढाच.

त्या टोळीत आमच्या शेजारच्या गावच्या एक मावशी होत्या. तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. मोळीला वाढ्याचा बंध घालताना त्यांचे हात असे चालायचे की बघत राहावं. मी त्या हातांचे सत्तरेक फोटो काढले. एक लागला: रसानं काळे पडलेले तळवे, चिरा, मनगटात एकच उरलेली काचेची बांगडी, मागं सगळं धूसर. काळा-पांढरा केला. पुण्यातल्या एका स्पर्धेला पाठवला. पहिलं बक्षीस, दहा हजार रुपये. परीक्षक बराच वेळ बोलले, "या हातांत महाराष्ट्राची साखर आहे" वगैरे. मला ते वाक्य इतकं आवडलं की महिनाभर मीच ते लोकांना ऐकवत होतो. त्या फोटोचा तीन फुटी प्रिंट स्टुडिओच्या काउंटरवर लावला. दहा हजारांतून लेन्स घेतली.

मावशींना त्यातली एकही कॉपी दिली नाही. द्यायची नाही असं ठरवलं नव्हतं, सुचलंच नाही. लग्नाचा अल्बम एक दिवस उशिरा गेला तर नवरदेवाचा मामा दुकानात येऊन उभा राहतो. इथं मामा नव्हता.

मग २०१९ चा उन्हाळा आला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातायत, ही बातमी देशभर झाली. बातमी खोटी नव्हती. पाळीचे दिवस, खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, आणि दवाखान्यात गेलं की "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." पुढं विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या भागात हे नवं नव्हतं. "हिची काढली, तिची काढायचीय" हे आम्ही दात काढल्यासारखं ऐकत आलो होतो. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण अशीच आहे.

त्या गदारोळात एका वर्तमानपत्रानं बातमीसोबत एक फोटो छापला. तो माझा होता. मी फेसबुकवर टाकलेला, खाली एकच शब्द लिहून: ‘व्यथा’. फडात उभ्या मावशी, मान खाली, एक हात कंबरेवर. छापताना खाली ओळ टाकली होती, गर्भपिशवी काढल्यावरही फडात राबणारी महिला, अशा अर्थाची. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी तरी कुणाला विचारलं होतं?

तिसऱ्या दिवशी मावशी स्टुडिओत आल्या. बरोबर दहावीतली धाकटी पोरगी. पेपरची घडी काउंटरवर ठेवली.

"ही मीच ना?"

"व्हय, मावशी."

"खाली काय लिवलंय?"

मी पोरीकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, "तिनं वाचून दाखवलंय मला. तू वाच. तुझ्या तोंडानं वाच."

वाचलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं.

"माझी पिशवी हाय अजून," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "न्हाई काढली मी. आन् काढली आसती तरी ती काय पेपरात घालायची गोष्ट हाय? बाया आता माझ्या तोंडाकडं बघायच्या आगुदर पोटाकडं बघत्यात."

मी म्हणालो, छापणाऱ्यांनी न विचारता घेतला. त्या म्हणाल्या, "त्यांला कुणी दिला?"

मी वर्तमानपत्राला फोन केले. चार दिवसांनी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला, फोटो नसलेला. ज्यांनी फोटो पाहिला त्यांतल्या किती जणांनी तो वाचला असेल, देव जाणे.

त्यातही एक गोष्ट मी मावशींना तेव्हा सांगितली नाही, ती इथं लिहितो. त्या फोटोतला कंबरेवरचा हात दुखण्याचा नव्हताच. जावयाचा फोन आला होता आणि त्या कनवटीच्या चंचीतून मोबाईल काढत होत्या. हे मला ठाऊक होतं, कारण पुढच्याच फ्रेममध्ये त्या फोनवर बोलतायत आणि हसतायत. थोरलीला दिवस गेले होते, ते कळवायला फोन होता. माझ्याकडं दोन्ही फ्रेम होत्या. मी पहिली निवडली आणि खाली ‘व्यथा’ लिहिलं. वर्तमानपत्रानं पिशवीचं खोटं छापलं, पण त्याची सुरुवात माझ्या निवडीतून झाली होती. परवा मोजलेल्या सतरांमध्ये ती दुसरी फ्रेम आहे.

त्याच आठवड्यात काउंटरवरचा हातांचा प्रिंट काढून माळ्यावर टाकला.

त्यानंतर दोन हंगाम मी टोळीत गेलो नाही. वाचत होतो. अमेरिकी फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो फोटो तुम्ही पाहिला असेलच: कपाळावर आठ्या, हनुवटीला हात लावलेली आई, दोन्ही खांद्यांत तोंड लपवलेली पोरं. १९३६ चा मार्च, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याचं पीक गारठ्यानं गेलेलं आणि तोडायला आलेले मजूर तळावर अडकून पडलेले. म्हणजे तीही टोळीच. बाई बत्तीस वर्षांची, सात लेकरांची आई. लँग सरकारी खात्यासाठी फोटो काढत होत्या. थोडाच वेळ थांबल्या, नाव विचारलं नाही. गाडीची चाकं विकून यांनी अन्न घेतलंय असं टिपणात लिहिलं. घरच्यांनी पुढं सांगितलं की चाकं विकलीच नव्हती. फोटो छापून आल्यावर त्या तळावर सरकारनं वीस हजार पौंड अन्न पाठवलं. फोटोनं कुणाचंच भलं होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फक्त ते अन्न पोचलं तेव्हा ती बाई पोरांना घेऊन पुढच्या कामावर निघून गेलेली होती.

तिचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी आदिवासी. इतकी वर्षं अख्खी अमेरिका तिला गोऱ्या गरीब आईचं प्रतीक समजत होती. फोटो काढू द्यायला नको होता, त्यातून मला एक पैसा मिळाला नाही, असं तिनं सांगितलं. पुढं १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा उपचारासाठी लोकांनी पैसे पाठवले, कारण तो फोटो त्यांच्या ओळखीचा होता. म्हणजे शेवटी उपयोग झालाही. सरळ हिशेब लागत नाही यातला.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवलं एका बारीक गोष्टीनं. मूळ निगेटिव्हवर उजव्या कोपऱ्यात खाली त्या आईचा अंगठा दिसतो, तंबूच्या खांबाला धरलेला. लँगना तो खटकला. काही वर्षांनी त्यांनी तो पुसून घेतला. आज बारकाईनं बघितलं तर त्याची भुतासारखी सावली दिसते. सात धडं बाळगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचून बरं वाटायला हवं होतं.

फोटोनं बदनामी होते हे कळलं होतं. तो माणूस पकडायलाही कामाला येतो, हे २०२१ मध्ये कळलं. एक मुकादम संध्याकाळी दुकानात आला, चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "ती अमकी जोडी उचल घेऊन पळाली. लाखाच्या वर अंगावर हाय. तुझ्याकडं फोटू आसंल ना? पासपोर्टचा नको, त्यात कुणी वळखू येत न्हाई. तू फडात काढतो तसला दे, चांगला मोठा."

‘तसला’ माझ्याकडं होता. त्या जोडीचा अगदी जवळून काढलेला, सकाळच्या उन्हातला. पहिल्यांदा मला माझ्या फोटोच्या स्पष्टपणाची भीती वाटली. मी सांगितलं, हार्ड डिस्क उडाली. त्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, चहाचे पैसे दिले आणि गेला. ती हार्ड डिस्क त्या वेळी माझ्या पायाशीच होती.

आपल्याकडं कॅमेरा गरिबाच्या, भटक्याच्या तोंडापुढं पहिल्यांदा आला तोच मुळी असा. १८५७ नंतर इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले, १८६८ ते १८७५ या काळात. ४६८ फोटो. प्रत्येक जमातीचा नमुना आणि खाली तिच्या स्वभावाचं वर्णन: हे कष्टाळू, हे लबाड, हे विश्वासू. ते खंड निघत असतानाच १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला, पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा. तो रद्द झाला १९५२ मध्ये. आमच्या तालुक्याबाहेरच्या पारधी वस्तीवर मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा बायका पोरांना घेऊन आत गेल्या आणि एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, "कोणत्या ठाण्यातनं आला, साहेब?" मी पाठीवरची स्टुडिओच्या नावाची पिशवी दाखवली. त्यानं ती वाचता येत असल्यासारखी नीट बघितली, आणि म्हणाला, "फोटू काढणारे सगळे तिथंच देत्यात." त्या वस्तीवरचा एकही फोटो माझ्याकडं नाही. पासपोर्ट काढून दिलेत, जातीच्या दाखल्यासाठी.

सुधारक ओलवे यांचं काम मी याच काळात नीट बघितलं. अकोल्याचा माणूस, मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढणारा. त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना अंगावर काटा येतो, मॅनहोलमध्ये कमरेपर्यंत उतरलेली माणसं आहेत त्यात. ते एका फेरीत, दोन लग्नांच्या मधल्या आठवड्यात, होणारं काम नाही हे कुणालाही कळेल. मला मात्र ते बघताना स्वतःची चरफड जास्त झाली. आपण एक आठवडा गेलो आणि बक्षीस घेऊन आलो.

२०२२ च्या जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा कॅमेऱ्याच्या बॅगेत फोटो घेऊन गेलो. जुने, ज्यांचे त्यांना. चार बाय सहाचे, लॅमिनेशन केलेले. कोपीत कागद टिकत नाही, दव पडतं, उंदीर असतात, पोरं चघळतात. एका कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवली की बांबूला अडकवता येतो. हे भोक पाडायची अक्कल माझी नाही, दुसऱ्या दिवशी एका पोरानं खिळा तापवून पाडलं आणि मी शिकलो.

आणि तिथं माझ्या कलेचा निकाल लागला. काळे-पांढरे फोटो कुणालाच नको होते. "हे मेलेल्या माणसावानी दिसतंय, रंगीत न्हाई का?" मोळी डोक्यावर घेतलेला, फळीवर एक पाय, मागं पहाट, असा माझा फार लाडका फोटो होता. ज्याचा होता तो गडी म्हणाला, "हे तर मी रोज बघतो." त्याला हवा होता बैलांबरोबर. मी म्हणालो, मग उभे राहा. त्यानं आधी बैल धुतले. शिंगांना कुठूनसा शोधून हिंगूळ लावला. स्वतः अंघोळ करून आला, पांढरा सदरा, खिशाला पेन. पेन! या सगळ्याला दीड तास गेला, सकाळचं ऊन गेलं, डोक्यावर उभा प्रकाश, चेहऱ्यावर डोळ्यांखाली सावल्या. फोटोग्राफी शिकवणारा कुणीही हा फोटो नापास करील. आज तो त्याच्या गावच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे, विठ्ठल-रखुमाईच्या शेजारी.

मग मागण्याच सुरू झाल्या. नव्या सोलर दिव्याबरोबर. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून, किल्ली हातात घेऊन. एका नव्या सुनेला नवऱ्याबरोबर काढायचा होता पण सासू शेजारच्या कोपीत, म्हणून तिनं फोटोत मधे दिराचं पोरगं उभं केलं. साखरशाळेत, म्हणजे ऊसतोडीच्या पोरांच्या शाळेत, जाणाऱ्या दोघी बहिणींनी वह्या छातीशी धरल्या. एका म्हातारीला फक्त शेळीचा पाहिजे होता, "माझा कशाला, माझ्यात काय बघायचंय." मी हे सगळे काढले. सुरुवातीला मनात होतं की हे आपलं यांच्यासाठी आणि ‘खरे’ फोटो नंतर. ते ‘नंतर’ हळूहळू कमी होत गेलं. पूर्ण थांबलं असं नाही. चिरा पडलेले हात खरेच आहेत, रात्री दोनची फळी खरीच आहे, आणि ती कुणी दाखवली नाही तर दर ठरवणाऱ्यांना साखर पोत्यातच उगवते असं वाटेल. पण आता विचारून काढतो. नवऱ्याला किंवा मुकादमाला विचारून नाही, जिचा काढायचा तिला विचारून. कोपीच्या आतला काढत नाही. अंघोळीच्या आडोशाकडं कॅमेरा वळवत नाही. कुठं पाठवायचा असेल तर फोनवर खालची ओळ वाचून दाखवतो. एकदा एकीनं माझी ओळ बदलायला लावली. मी लिहिलं होतं, ‘थकलेली ऊसतोड कामगार’. ती म्हणाली, "थकलेली न्हाई, वाट बघती गाडीची. तसं लिव."

खरं तर आता माझी गरजही कमी झालीय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टोळ्या कारखान्यांवर अडकल्या, एप्रिलच्या मध्यावर सरकारनं घरी जायची परवानगी देईपर्यंत. मी घरात, शटर बंद. फोटो कुणी काढले? त्यांनीच. हलणारे, आडवे-तिडवे व्हिडिओ, "आमाला घरी न्या" म्हणणारे. ते फिरले, बातम्यांत लागले. आता तर फडात रील बनतात. गॉगल लावून, कोयता खांद्यावर टाकून, मागं गाणं, उसाच्या ओळीतून पोरगा-पोरगी चालत येतात. मुकादमाची नक्कल करणाऱ्या त्या पोराचे माझ्या स्टुडिओच्या पेजपेक्षा किती तरी जास्त फॉलोअर आहेत. माझ्या अकराशे चाळीस फोटोंतलं सतरा हसू एका बाजूला, आणि त्याचा एका आठवड्याचा मोबाईल दुसऱ्या बाजूला. लोक म्हणतात, यात वास्तव नाही. असेल नसेल. वडील असते तर त्यांना हे रील लगेच कळले असते.

तर परवा हे सगळं स्क्रीनवर मांडून बसलो असताना मावशी आल्या. २०१९ नंतर त्यांनी माझ्याशी बोलायला दोन वर्षं घेतली होती, आता बोलतात. पोरगा-सुनेचे पासपोर्ट काढायला आल्या असतील असं वाटलं. म्हणाल्या, "त्यांचे त्ये काढतील. मी औंदा न्हाई जायची, गुडघे गेले. माझा एक काढ. भितीवरचा."

"आत्ताच कशाला, मावशी?"

"मग कवा? मेल्यावर तू आधारवरनं करशील. त्यात मी चोरावानी दिसती."

हिरवी साडी नेसून आल्या होत्या, पिशवीत पोरीची ठुशी. मी राखाडी पडदा लावायला लागलो. त्यांना तो नको होता. "तुझ्या बापाच्या टायमाला त्यो तळ्याचा पडदा होता बघ, हंस आसलेला." तो २००८ पासून गुंडाळून माळ्यावर पडलेला. शिडी लावून काढला, झटकला, दुकानभर धूळ. तळं, दोन हंस, मागं लाल कौलांचा बंगला, एका बाजूला उंदरानं कुरतडलेलं. कुरतडलेली बाजू फ्रेमच्या बाहेर ठेवली.

पडदा काढताना हातांचा तो प्रिंटही खाली आणून भिंतीला टेकवला होता. मावशी स्टुलावर बसता बसता थांबल्या, त्याच्याकडं बघितलं.

"ह्ये कुणाचे?"

"तुमचेच."

जवळ गेल्या, वाकून बघितलं, मनगटातली बांगडी बघितली. "माझे आसे न्हाईत," म्हणाल्या आणि येऊन बसल्या.

पदर नीट केला, ठुशी मधे आणली, आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी म्हणालो, हात मांडीवर ठेवा, बरं दिसतं. त्या म्हणाल्या, "हात नको दिसायला." अकरा फोटो काढले. चौथा त्यांना आवडला. मी सातवा काढून दाखवला, त्यात डोळे जास्त चांगले होते. त्या म्हणाल्या, चौथा.

बारा बाय अठरा, फ्रेमसकट साडेचारशे. मी नको म्हणालो. त्यांनी पाचशेची नोट काउंटरवर ठेवली.

"राहू द्या ना मावशी."

"फुकट नगं. फुकट घेतलं की फिटंस्तोवर तोडावं लागतं."

गल्ल्यात सुटे नव्हते, शेजारच्या चहावाल्याकडंही नव्हते. त्या म्हणाल्या, राहू दे, फ्रेम न्यायला येईन तेव्हा दे. पन्नास रुपये. वहीत त्यांच्या नावापुढं लिहून ठेवलेत, देणे बाजूला.